पेन्सिल हातात घेऊन

भिलाई

चि. छोटीस,


तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. पहिल्या काही पगारांतून नागपुरात तू घेतलेली पुस्तकं, प्रत्येकापुढे विकत घेतल्याची तारीख आणि दोन-चार शब्दांत तुझं मत, अशी ती यादी मी दोनदा वाचली. आपल्या भिलाईत मराठी पुस्तक सहज हाती लागत नाही. ते नागपूरहून आणावं लागतं किंवा मागवावं लागतं. अशा गावात हिंदी माध्यमात शिकलेली मुलगी पहिल्या कमाईतून मराठी पुस्तकं घेते, याचा मला किती आनंद झाला असेल हे तुला सांगायला नको. पण त्या आनंदात एक काळजीही मिसळलेली आहे, आणि ती मनात ठेवून नुसतं कौतुक लिहिणं मला बरं वाटत नाही. ‘स्मृतिचित्रे’पुढे तू ‘खूप सुंदर’ लिहिलं आहेस, ‘बनगरवाडी’पुढे ‘छान पण संथ’, ‘रणांगण’पुढे ‘चटका लावणारं’, आणि ‘कोसला’पुढे ‘नीट कळलं नाही’. माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तकाबद्दलचं मत कारणासकट लिहून काढल्याशिवाय त्याचं वाचन पुरं होत नाही. तोवर पुस्तक कपाटात आलेलं असतं, आपल्यात आलेलं नसतं. हे असं का, ते या पत्रात सविस्तर मांडतो. पटलं नाही तर तसं स्पष्ट कळव.

आधी ‘खूप सुंदर’ या शब्दांचंच पाहू. ते खोटे नाहीत, पण त्यांतून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. पुस्तक वाचून तुला बरं वाटलं, एवढंच कळतं. तू स्टील प्लांटच्या गावात वाढलीस. इथल्या रेल मिलमधून निघणाऱ्या रुळाबद्दल कुणी ‘पोलाद चांगलं आहे’ असा शेरा मारून तो रवाना करत नाही. त्यात कार्बन किती, मँगेनीज किती, आत कुठे चीर आहे का, हे तपासलं जातं. रुळाच्या अंगावर हीट नंबर उमटवलेला असतो, म्हणजे पुढे कधी प्रश्न आला तर ते पोलाद कुठल्या ओतणीचं होतं तिथपर्यंत माघारी जाता येतं. पुस्तकावरच्या मतालाही असा माग हवा. ‘स्मृतिचित्रे’च्या सुरुवातीचंच उदाहरण घे. लेखिका लक्ष्मीबाई टिळकांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं विलक्षण वेड लागलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, अगदी मीठसुद्धा. हे वाचताना आपल्याला हसू येतं, आणि त्याच क्षणी त्या घरातल्या बायकामुलांचे हाल डोळ्यांपुढे येतात. लक्ष्मीबाई वडिलांवर राग काढत नाहीत, त्यांची बाजूही घेत नाहीत. धुतलेल्या मिठाची गोष्ट सांगतात आणि पुढे जातात. वाचणाऱ्याचं हसू आणि अस्वस्थता एकाच वाक्यावर का उमटते, याचं उत्तर या सांगण्याच्या रीतीत आहे. हे तू चार ओळींत लिहिलं असतंस, तर ‘खूप सुंदर’ म्हणायची गरजच उरली नसती. वाचणाऱ्याला ते आपोआप कळलं असतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुला स्वतःला ते कळलं असतं.

हे पुस्तक मी मुद्दाम निवडलं, कारण त्याचा संबंध तू घरी येतेस त्याच रेल्वेमार्गाशी आहे. १८९३ साली लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. तेव्हा राजनांदगाव संस्थान होतं आणि टिळकांना तिथे काम मिळालं होतं. गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं. उतरताना त्याने टिळकांच्या हातात बायबल ठेवलं आणि वाचण्याची विनंती केली. पुस्तक टिळकांच्या मनात भरलं नव्हतं, पण शब्द दिलेला होता. पुढे त्यांनीच सांगितलं आहे की नेहमीच्या सवयीप्रमाणे महत्त्वाच्या जागांवर पेन्सिलीने खुणा करत करत ते वाचायचं त्यांनी ठरवलं, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय तुला पटो न पटो, इथे मुद्दा तो नाही. मुद्दा हा की एक माणूस अनोळखी, काहीसं नावडतं पुस्तक हातात घेतो आणि ते चाळून ‘ठीक आहे’ म्हणून बाजूला ठेवत नाही. पेन्सिल घेऊन बसतो, म्हणजे या पुस्तकाला मी उत्तर देणार आहे असं आधीच कबूल करतो. प्रत्येक खूण हा लहानसा निवाडा असतो. इथे थांबायचं, याला विचारायचं, हे मान्य, हे अमान्य. असे शेकडो निवाडे करत जो वाचतो त्याच्यावर पुस्तकाचा परिणाम झाला, तर तो परिणाम तपासलेला असतो.

यावर तू म्हणशील, टिळकांचं उदाहरण तर उलट बाजूचं आहे. त्या जागी पोचल्यावर ते खुणा विसरले, भारावून गेले. खरं आहे. पण ते तिथे पोचले कसे, हेही पाहा. आधीची पानं सावधपणे, खुणा करत वाचली होती, म्हणूनच कुठली जागा वेगळी आहे ते त्यांना ओळखता आलं. सगळ्याच पानांवर भारावणाऱ्या माणसाला एकही पान वेगळं दिसत नाही. आणि याच घरात दुसरंही उदाहरण आहे. नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाई लगेच त्याच्या मागोमाग गेल्या नाहीत. बराच काळ त्या वेगळ्या राहिल्या. नवऱ्याच्या बुद्धीवर त्यांचा विश्वास होता, प्रेम तर होतंच. तरी त्याचं मत त्यांनी उसनं घेतलं नाही. सोवळंओवळं, जात, विटाळ हे सगळं स्वतःच्या मनाशी घासून पाहिलं आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी त्या निर्णयापर्यंत आल्या. आज कुठल्याही पुस्तकाबद्दल दुसऱ्यांची मतं हवी तेवढी मिळतात, मग आपण कशाला लिहायचं, असा प्रश्न तुझ्या मनात येईल. त्याचं उत्तर लक्ष्मीबाईंपाशी आहे. जवळच्यातल्या जवळच्या माणसाचं, खूप विचार करून बनवलेलं मतसुद्धा आपल्या मताची जागा भरून काढू शकत नाही. दुसऱ्यांची मतं जरूर वाच, पण तुझी पानं लिहून झाल्यावर.

आता दुसरी शंका, आणि ती तुझ्या स्वभावातली आहे. ‘मी कोण या मोठ्या लेखकांवर लिहिणारी?’ यावर आपल्याच मुलखातलं एक उदाहरण सांगतो. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रासारख्या आडगावी एका तरुणाने ‘छत्तीसगढ़ मित्र’ नावाचं हिंदी मासिक सुरू केलं. त्याचं नाव माधवराव सप्रे. घरची भाषा मराठी, वय २८, काम पेंड्राच्या राजकुमाराला शिकवण्याचं. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक होते आणि रायपूरचे वामन बळीराम लाखे प्रकाशक. भाषेत निकस पुस्तकांचा केर साचू नये म्हणून छापून येणाऱ्या ग्रंथांची जाणकारांकडून चिकित्सा व्हावी, हा हेतू त्यांनी पहिल्या अंकातच सांगितला. मग श्रीधर पाठकांसारख्या नावाजलेल्या कवीच्या पुस्तकांवरही त्या मासिकात विस्ताराने लिहिलं गेलं. हिंदीत पुस्तक-परीक्षणाला शिस्त लागली त्यात या लहानशा मासिकाचा वाटा मोठा मानतात. सप्र्यांपाशी मोठं पद नव्हतं, मोठं शहरही नव्हतं. कारण देण्याची तयारी मात्र होती. परीक्षकाचा अधिकार तिथूनच येतो. ‘मला आवडलं नाही’ म्हणायला कुठलाच अधिकार लागत नाही, आणि म्हणूनच त्या बोलण्याला वजनही नसतं. ‘या प्रकरणात लेखकाने अमुक सांगायचं ठरवलं, पण तमुक कारणाने ते साधलं नाही,’ असं म्हणणाऱ्याला मात्र मोठ्यातल्या मोठ्या लेखकासमोर उभं राहता येतं, कारण त्याचं म्हणणं कुणालाही पुस्तक उघडून पडताळता येतं. चूक निघाली तरी ती दाखवता येते. ज्या मतात चूक दाखवायला जागाच नाही, ते मत म्हणण्याच्याही योग्यतेचं नसतं.

ते मासिक तीन वर्षांत, पैशाअभावी बंद पडलं, हेही सांगायला हवं. तेव्हा एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असं कुणी विचारील. उपयोग त्या तीन वर्षांच्या पलीकडे दिसतो. ज्याने पुस्तकं इतकी निरखून वाचायची सवय लावली, त्याच माणसाने पुढे समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला, आणि लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये मराठीत आलं त्याच्या पुढच्याच वर्षी ते हिंदीत आणलं. अनुवाद म्हणजे वाचनाची सर्वांत कडक परीक्षा. एकही वाक्य ‘साधारण कळलं’ म्हणून सोडून देता येत नाही. आणि ‘दासबोधा’त समर्थांनी एक संपूर्ण समास लिहिण्याच्या क्रियेला, अक्षर आणि कागदाच्या निगेला दिला आहे, हे ध्यानात घे. पुस्तक ही हातांनी जपायची आणि हातांनी उतरवायची गोष्ट आहे, ही समज आपल्याकडे जुनी आहे. ग्रंथ मिळवायचा म्हणजे तो स्वतः नकलून घ्यायचा, असा तो काळ होता. नकलणाऱ्याच्या नजरेतून एकही ओळ सुटत नसे. छापखान्याने ते श्रम वाचवले हे चांगलंच झालं, पण त्या श्रमांत लपलेलं वाचनही त्यांच्याबरोबर गेलं. त्याची भरपाई आपल्याला टिपणवहीने करायची आहे.

तिसरी शंका जास्त गंभीर आहे. ‘मत मनात असतंच की, कागदावर उतरवलं नाही म्हणून काय बिघडलं?’ याचं सर्वांत चांगलं उत्तर आपल्या शेजारच्या राजनांदगावात राहिलेल्या माणसाने दिलेलं आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. त्यांचीही घरची भाषा मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. ‘एक साहित्यिक की डायरी’मध्ये निर्मितीच्या तीन क्षणांचा त्यांनी विचार केला आहे. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर चित्रासारखा उभा राहतो. तिसऱ्या क्षणी तो शब्दांत उतरू लागतो, आणि उतरता उतरता बदलतो. हे त्यांनी कलाकृतीबद्दल लिहिलं. पण वाचनालाही ते तितकंच लागू आहे असं मला वाटतं. मनात असतं ते मत नसतं, मताचा नुसता भास असतो. लिहायला बसलं की पहिल्याच वाक्यात अडखळायला होतं, कारण ज्याला आपण मत समजत होतो त्याचं कारण सापडत नाही. ते शोधायला पुन्हा पुस्तक उघडावं लागतं, आणि कित्येकदा पुस्तकात काही वेगळंच लिहिलेलं निघतं. मुक्तिबोधांनी स्वतः हे किती निष्ठेने केलं ते पाहा. जयशंकर प्रसादांची ‘कामायनी’ १९३६ च्या सुमाराची आणि मुक्तिबोधांचं ‘कामायनी : एक पुनर्विचार’ १९६१ चं. मधली पंचवीस वर्षं ते काव्य त्यांच्या विचारात राहिलं. सगळे ज्याला पुराणकथेवरचं महाकाव्य म्हणत होते, त्याला त्यांनी कवीच्या स्वतःच्या काळातले प्रश्न मांडणारी एक विशाल कल्पनासृष्टी म्हणून वाचलं. प्रसादांनी शेवटी सुचवलेलं उत्तर त्यांनी नाकारलं, आणि कवी म्हणून प्रसादांचं थोरपण मात्र राखलं. आवडणं आणि पटणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे शिकायचं तर असं लिहावंच लागतं. ‘खूप सुंदर’मध्ये त्या दोन्ही एकमेकींत विरघळून जातात.

यातूनच तुझ्या यादीतल्या ‘संथ’ या शब्दाकडे येतो. ‘बनगरवाडी’ संथ आहे हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. पण तू ते ‘पण’ लावून लिहिलंस, म्हणजे त्याला दोष ठरवलंस. माडगूळकरांची ती वाडी मेंढ्यांच्या चालीने जगते. तिथे घटना म्हणजे पाऊस येणं किंवा न येणं. तरुण मास्तर येतो, शाळा भरवू लागतो, लोकांचा होतो, आणि दुष्काळ वाडीच रिकामी करून टाकतो. गोष्ट झपझप सांगितली असती तर त्या रिकाम्या होण्याचं दुःख आपल्यापर्यंत पोचलं असतं का? मला वाटतं, नाही. तुला वाटत असेल की तरीही काही भाग रेंगाळले आहेत, तर कुठली पानं, ते लिही. मी मान्य करायला तयार आहे. आणि ‘कोसला’पुढचं ‘नीट कळलं नाही’ हे मला तुझ्या यादीतलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटलं, कारण त्यात प्रामाणिकपणा आहे. फक्त ते अर्धं आहे. कुठल्या पानापर्यंत कळत होतं? नायक पांडुरंग सांगवीकराचं बोलणं कुठे परकं वाटू लागलं? भाषा अडली, की त्याचं वागणं? न कळण्याची जागा नेमकी सापडली की कळण्याची सुरुवात तिथूनच होते.

आता आनंदाचा प्रश्न. लिहायच्या विचाराने वाचलं की वाचनाची मजा जाते, परीक्षेचा अभ्यास केल्यासारखं वाटतं, हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणून माझा सल्ला असा की पहिलं वाचन मोकळेपणाने कर, फक्त हातात पेन्सिल असू दे. थांबावंसं वाटलं तिथे समासात बारीक खूण, बाकी काही नको. पुस्तक ग्रंथालयातलं असेल तर कागदाची चिठ्ठी घाल. दुसऱ्याच्या पुस्तकावर रेघ ओढायची नाही. लिहायचं ते नंतर, आठवड्याभराने. गाण्यातला राग ओळखता येऊ लागला म्हणून गाणं कुणाला कमी गोड लागत नाही. वेळेचं म्हणशील, तर महिन्याला चार पुस्तकांऐवजी दोन घे. उरलेल्या दोहोंचा वेळ या दोहोंना दे. विकत घेतलेलं पुस्तक लगेच वाचलंच पाहिजे असाही माझा आग्रह नाही. काही पुस्तकं वर्षानुवर्षं आपली वाट पाहत असतात आणि तेही चांगलं असतं. पण घेतलेल्यांची यादी ही वाचलेल्यांची यादी नव्हे, हे विसरू नकोस. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातून परतले, तेव्हा त्यांचं ग्रंथांसह सामान ज्या जहाजावर होतं ते टॉर्पेडोने बुडालं. पुस्तकं समुद्रात गेली, पण त्यांनी वाचलेलं कुठे गेलं नाही. ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पुढे दादरला ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांना पुरेशी जागा असावी म्हणून. ग्रंथांवर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाचंही खरं धन कपाटात नव्हतं.

शेवटी लिहिण्याच्या रीतीबद्दल. एक जाड वही कर. प्रत्येक पुस्तकाला दोन पानं. वर पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती आणि वाचून संपल्याची तारीख. मग चार गोष्टी लिही: लेखकाला काय सांगायचं होतं, ते त्याने कसं सांगितलं, तुला कुठे पटलं किंवा अडलं आणि का, आणि कुठल्या पानाच्या आधारावर तू हे म्हणतेस. दुसरं पान अर्धं कोरं ठेव. काही वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा वाचशील, तेव्हा तिथे नव्या तारखेने लिही. जुनं खोडू नकोस. कुठल्या भाषेत लिहायचं हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. हिंदी पुस्तकांवर हिंदीत लिहिलंस तरी मला काही वाईट वाटणार नाही. सप्रे आणि मुक्तिबोध यांनी दाखवून दिलं आहे की या मुलखातला मराठी माणूस हिंदीत उत्तम विचार करू शकतो, आणि त्याने मराठीचं काही उणं होत नाही. पण मराठी पुस्तकांवर मराठीतच लिही. तुझं मराठी घरात बोलण्यापुरतं राहिलं आहे. विचार करायचं मराठी बोलण्यातून येत नाही, ते लिहिण्यातून येतं. पहिली काही पानं ओबडधोबड होतील. होऊ देत.

दिवाळीला येशील तेव्हा यादी आणू नकोस, वही आण. सुरुवात ‘कोसला’पासून कर, जिथे अडलीस त्या पानापासून. आणि ‘स्मृतिचित्रे’ गाडीत पुन्हा उघड. नागपूर सुटलं की राजनांदगावपर्यंत चांगला वेळ मिळतो; नारायण वामन टिळकांना त्याच वाटेवर बायबल मिळालं होतं. पेन्सिल विसरू नकोस. तुझी दोन पानं मी बारकाईने वाचीन, आणि जिथे पटणार नाही तिथे कारण देऊन वाद घालीन. तूही माझ्याशी तसाच घाल.

प्रकृतीची काळजी घे. 

तुझा,
मामा